उजाडल्यावरची जागल

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या शिवारात पऱ्हाटी पांढरी होऊ लागते आणि बाया वेचणीला निघतात. कमरेला लुगड्याची किंवा जुन्या चादरीची ओटी बांधलेली. खालचं बोंड वेचायला वाकायचं, वरच्यासाठी हात लांबवायचा. ओटी भरत जाते तसं पोटापुढचं ओझं वाढतं आणि ते सावरायला पाठ दिवसभर मागे ताणलेली राहते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे मध्येच उभं राहून कंबर मोकळी करायची म्हणजे तेवढा कापूस सोडायचा. त्याआधी पावसाळ्यात उकिडवं बसून निंदण झालेलं असतं, सोयाबीनची सोंगणी झालेली असते. काट्यावर कापूस मोजला जातो तेव्हा ओळीत उभ्या असलेल्या निम्म्या जणींचा एक हात कमरेवर असतो.

हे दुखणं समजण्यासारखं आहे. राबलेलं अंग दुखणारच. गावाला त्यात नवल वाटत नाही, डॉक्टरलाही नाही. कोडं पडतं ते उन्हाळ्यात. फरदड उपटून झालेली असते, शेत रिकामं असतं, ओटी घडी करून ठेवलेली असते, आणि कंबर तरीही ठणकत असते. पुढच्या मृगापर्यंत ठणकते, त्याच्या पुढच्याही. एव्हाना दोन-तीन डॉक्टर झालेले असतात, वर्ध्याला जाऊन एक्स-रे झालेला असतो, ‘गॅप’ सापडलेली असते आणि घरच्यांचा धीर संपलेला असतो. ‘हिचं रोजचंच आहे’ हे वाक्य घरात कधी रुळलं, ते कुणालाच आठवत नाही.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. तीन महिन्यांचीच मर्यादा का? बहुतेक दुखापती तोवर भरून येतात. मोडलेलं हाड सांधतं, फाटलेला स्नायू जुळतो. त्यानंतरही दुखत राहिलं तर प्रश्न नुसत्या जखमेचा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुनाट वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती अकराव्या आवृत्तीत. ही आवृत्ती 2019 साली मंजूर झाली आणि 2022 पासून लागू झाली. तोवर दुखणं हे बहुधा दुसऱ्या कशाचं तरी लक्षण मानलं जाई. ते दुसरं काही सापडलं नाही की रोगी खोटा ठरे.

शेतकऱ्याला हा फरक जागलीच्या भाषेत चटकन कळेल. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जावं लागतं. नवा जागल्या डुक्कर खरंच बांधावर आलं की हाळी देतो, डबा बडवतो. दोन-चार रात्री कळपाने पीक तुडवलं की त्याचे कान बदलतात. मग उंदीर सळसळला तरी तो ओरडतो. पुढे वाऱ्याने पान हललं तरी ओरडतो. जागल्या खोटं बोलत नसतो, त्याला धोका खरोखरच ऐकू येत असतो. बिघाड डुकरात नसतो, आवाज किती मोठा झाला म्हणजे ओरडायचं या मापात असतो.

आपल्या मज्जारज्जूत नेमकं हेच घडू शकतं. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेचे संदेश सतत येत राहिले तर मज्जारज्जूतल्या पेशी अधिक संवेदनशील होतात. आधी ज्या स्पर्शाची त्या दखलही घेत नव्हत्या, तोही वेदना म्हणून वर मेंदूकडे धाडतात. दुखरी जागा पसरते. नुसत्या चोळण्याने, गार वाऱ्याने, फार वेळ बसण्याने कळ येते. बाहेर जखम दिसत नाही, कारण बदल पाठीत नसून पाठीची खबर नेणाऱ्या यंत्रणेत झालेला असतो.

त्याआधी 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक वेगळीच कल्पना मांडली होती. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. वेदनेचा संदेश त्यातून जातो, पण फाटक किती उघडायचं हे केवळ जखम ठरवत नाही. स्पर्शाचे संदेश ते थोडं लोटून घेतात, म्हणून ठेच लागली की आपला हात आपसूक तिथे चोळायला जातो. वरून मेंदूही त्यावर हुकूम चालवतो. भीती, काळजी, अपुरी झोप फाटक उघडतात. विश्वास, विसावा, कामात रमलेलं मन ते ओढून घेतात. त्या सिद्धांताचे बरेच तपशील पुढे दुरुस्त झाले, पण वेदना म्हणजे अंगठ्यापासून मेंदूपर्यंत सरळ ओढलेली तार नव्हे, हे तेव्हापासून पक्कं झालं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरने जबर जखमी झालेल्या सैनिकांना विचारलं, वेदनेवर औषध हवं का? बहुतेकांनी नको म्हटलं. त्या सैनिकाला जखमेचा अर्थ ‘जिवंत आहे आणि आता घरी जाणार’ असा लागत होता. कंबरदुखीने वेचणीला न जाऊ शकणाऱ्या बाईला तिच्या कळेचा अर्थ काय लागत असेल? आजची रोजी बुडाली, उद्याचीही बुडेल, सावकाराचा किंवा बचत गटाचा हप्ता राहिला. दुखणं तेवढंच असलं तरी ते सोसायचा भार सारखा नसतो.

वर्धा जिल्ह्याला वेदनेची दुसरी बाजूही पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. वेदना नसणं म्हणजे काय, ते या जिल्ह्याने कुष्ठरोगाच्या रूपाने पाहिलं. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. पुढे सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. त्या काळी समजूत अशी होती की कुष्ठरोगात बोटं गळून पडतात. ती तशी गळत नाहीत, हे तमिळनाडूतल्या वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं. कुष्ठरोगाचे जंतू नसा बधिर करतात. मग चुलीतलं लाकूड हाताला पोळत नाही, चपलेतला खिळा टोचत नाही, आणि रात्री उंदराने बोट कुरतडलं तरी माणूस जागा होत नाही. बोटं जातात ती राखण उठून गेल्यामुळे.

ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत एक प्रयोग केला. बधिर हातापायांसाठी दाब मोजणारी यंत्रं बनवली, धोका होताच इशारा वाजेल अशी सोय केली. ती चालेना. इशारा वाजला तरी रोगी हातातलं काम पुरं करत, किंवा सरळ यंत्रच बंद करत. दुखलंच नाही तर ऐकतो कोण! ब्रँड यांनी अखेर तो नाद सोडला. पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच नसलेली मुलं आढळली, त्यांच्यावरचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्याला निमित्त झालेला मुलगा रस्त्यावर दंडात सुऱ्या खुपसून आणि निखाऱ्यांवर चालून खेळ करी. घराच्या छपरावरून उडी मारून तो चौदा वर्षांचा होण्याआधीच गेला. वेदनेवाचूनचं आयुष्य मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पॉल ब्रँड 1914 साली जन्मले. त्याच वर्षी, 26 डिसेंबरला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मुरलीधर देवीदास आमटे जन्मले. 1951 साली वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे ते हेच. ज्यांना वेदना कळत नाही अशा माणसांमध्ये आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या वाट्याला स्वतःला मात्र वेदना अशी आली की ती हटेना. मणक्यांच्या आजाराने त्यांना बसणंच अशक्य झालं. शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे आले. उरलेली काही दशकं त्यांनी दोनच अवस्थांत काढली: एक तर उभं राहून चालायचं, नाही तर आडवं पडायचं. मधली अवस्था, म्हणजे खुर्ची, त्यांच्या आयुष्यातून गेली.

या अवस्थेत त्यांनी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर काश्मीरकडे निघाले आणि बाबा सोबतच्या गाडीत पलंगावर आडवे. त्याच महिन्यात ते एकाहत्तर वर्षांचे झाले. तीन वर्षांनी दुसरी यात्रा, अरुणाचलपासून गुजरातपर्यंत. 1990 साली आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, आणि तिथेही वर्षानुवर्षं भेटायला येणाऱ्यांशी बोलणं झालं ते खाटेवर पडून किंवा शतपावली घालत.

बाबांची गोष्ट सांगताना एक धोका असतो, तो इथेच सांगून टाकलेला बरा. अशी उदाहरणं आजारी माणसाच्या डोक्यात सोट्यासारखी हाणली जातात: ते बघ, पाठ मोडलेली असून देश फिरले, आणि तुला दोन घागरी उचलवत नाहीत? पण ते नुसते सहनशील होते म्हणून निभावलं, असं नाही. त्यांनी काम सोडलं नाही, कामाची मांडणी बदलली. गाडीत पलंग टाकला गेला. सभा उभ्याने झाल्या. पत्नी साधनाताई आणि सगळं आनंदवन भोवती होतं. रोहण्याच्या मजूर बाईला बांधावर खाट कोण टाकून देणार? तिच्या धीराचं कौतुक करण्यापेक्षा तिच्या कामाची मांडणी कुणी बदलत नाही याचा राग यायला हवा.

किती जण असे दुखऱ्या अंगाने जगतात? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांपैकी ती एक. गावातल्या 4,092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरांना, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. संधिवात म्हणताच जो वाकडी बोटं करणारा आजार डोळ्यांपुढे येतो, तो दोनशेत जेमतेम एकाला होता. अनेकांच्या दुखण्याला पुस्तकातलं ठसठशीत नाव देता येत नव्हतं. जगाचा हिशेब काढला तर 2020 साली एकट्या कंबरदुखीचे रुग्ण सुमारे 62 कोटी होते, आणि माणसाला काम करू न देणाऱ्या आजारांत ती पहिल्या क्रमांकावर आहे.

आता ती गॅप. विदर्भात काय, सगळ्या महाराष्ट्रात काय, कंबरदुखीच्या रुग्णाला स्वतःच्या मणक्यांची बातमी या एका शब्दात मिळते. ‘चौथ्या-पाचव्यात गॅप आहे.’ कुणाची मणक्यांमधली गादी सरकलेली असते, कुणाची नस दबलेली असते, गुडघ्याचं वंगण तर सगळ्यांचंच संपलेलं असतं. पाठ म्हणजे जणू बैलबंडीचा आख. एकदा घासला की घासला! अमेरिकेत 98 जणांच्या कमरेचे एमआरआय काढले गेले, तो अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. अट एकच होती, यांतल्या कुणालाही कंबरदुखी नसावी. त्यांतल्या जेमतेम 36 टक्के लोकांच्या गाद्या सर्व ठिकाणी ठीक निघाल्या. निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. केस पिकतात तशा गाद्याही वयानुसार झिजतात. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. उलट एकदा ‘गॅप’ ऐकली की माणूस वाकायला भितो, हलायला भितो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि कंबर आधीपेक्षा जास्त धरते. एका शब्दाने केवढं नुकसान!

गुडघ्याचीही तीच कथा. ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या 180 रुग्णांवर झालेला प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीने आतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या गुडघ्यावर फक्त चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला हे लागू नाही. अगदी झिजलेल्या गुडघ्याला तिचा उपयोग होतो.

फोटोच्या खालोखाल मान असतो सुईचा. डायक्लोफेनॅकची सुई, सोबत एखादी लाल-पिवळी गोळी, फार झालं तर सलाईन. रोगी दुसऱ्या दिवशी कामावर. वेचणीच्या दिवसांत हेच हवं असतं, त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण महिनोन् महिने अशी औषधं घेतली की ती पोटात अल्सर करतात, मूत्रपिंडं बिघडवतात, रक्तदाब वाढवतात. गोळ्यांच्या पुडीत स्टेरॉइड असलं तर पहिले काही दिवस चमत्कार वाटतो, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. याच डायक्लोफेनॅकने एक भलतंच कांड करून ठेवलं आहे. गुरांना ते टोचलं जाई, मेलेलं गुरू गिधाडं खात, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. भारतातली गिधाडं त्यापायी जवळजवळ संपली. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून 2015 साली त्याही बंद होऊन एका मात्रेपुरत्या लहान बाटल्या आल्या.

दुखणं मागे ठेवून जाणारे काही आजारही असतात. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली, मग तो रोग तीन दशकं देशातून जणू गायब होता. 2005-06 मध्ये परतला तो विदर्भासह राज्यभर. टांझानियातल्या माकोंडे भाषेतल्या या नावाचा अर्थच ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. ताप आठवड्यात उतरला, पण कित्येकांचे घोटे आणि मनगटं महिनोन् महिने आखडलेली राहिली. सकाळी उठून चुलीपाशी जायला भिंतीचा आधार लागे. ‘ताप गेला ना, मग आता काय?’ असं त्यांनाही ऐकावं लागलं.

दुखणं सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक येते आणि जाते, रग लागते ती उतरते, सल रुतून बसतो. उसण भरते, पाय ओढतो, मुंग्या येतात, भगभगतं, ठसठसतं. मेलझॅक यांनी 1975 साली इंग्रजीतले असे 78 शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली केली, कारण वेदनेचं वर्णन हेही निदानाचं साधन आहे. भगभग आणि मुंग्या बहुधा नसेकडे बोट दाखवतात. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक सांधे आखडलेले राहिले तर वाताची तपासणी करावी लागते. पण दोन मिनिटांच्या भेटीत हे सगळं ‘कंबर दुखते’ एवढ्यावर येतं. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरं आहे. जिल्ह्यात डॉक्टरांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो ऐकून घेण्याच्या वेळेचा.

काही खुणांवर मात्र वाट पाहू नये. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यांत तासांना महत्त्व असतं. ताप, घटतं वजन आणि रात्री झोपू न देणारं पाठदुखणं असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ आहे का ते तपासावंच लागतं.

ही कारणं नाहीत असं ठरलं, की पुढे काय? इथे वेदनाशास्त्राची सुरुवात करणाऱ्यांपैकी एकाचं नाव घेतलंच पाहिजे. जॉन बोनिका, सिसिलीत जन्मलेला अमेरिकी डॉक्टर. शिक्षणाच्या खर्चासाठी तो मुखवटा घालून कुस्त्या खेळे. त्या कुस्त्यांनी त्याचे सांधे कायमचे दुखरे झाले. त्याने 1953 साली वेदनेच्या उपचारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि एक आग्रह आयुष्यभर धरला: असा रोगी एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातला नसतो. औषधवाला, व्यायाम शिकवणारा, मनाचं ऐकणारा, सगळे एका जागी हवेत.

त्याचाच सिएटलमधला सहकारी विल्बर्ट फोर्डाइस मानसशास्त्रज्ञ होता. त्याने सांगितलेली युक्ती बैल राखणाऱ्याला नवी वाटणार नाही. दुखणारा माणूस बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकतो, मग तीन दिवस अंथरूण धरतो. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. फोर्डाइस म्हणे, दुखेपर्यंत काम आणि दुखलं की थांबणं हा क्रमच सोडा. काम घड्याळावर बांधा. वीस मिनिटं झेपत असतील तर पंधरालाच थांबा, दुखत नसलं तरी, आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा. चांगला शेतकरी बैल फेसाळेपर्यंत वखर हाकत नाही, ऊन चढायच्या आत जू सोडतो. स्वतःच्या बायकोच्या किंवा मजुरणीच्या पाठीला मात्र तो हा नियम लावत नाही, ही गोष्ट निराळी.

चालणं, पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, योगासनं, यांचा गुण हळूहळू येतो पण येतो. यांतला कोणता प्रकार श्रेष्ठ, या वादात फारसा अर्थ नाही. जो रोज होईल तो चांगला. ‘आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा शेतातला प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की वेचणीत पाठ एकाच बाजूला ताणली जाते, तिला उलट बाजूचं आणि सावकाश केलेलं काम हवं असतं. ओटी भरून ओथंबायच्या आत रिकामी केली, ओळ संपली की दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकलं, तर तेवढ्यानेही दिवस थोडा हलका जातो. अर्थात शेतमालकाने त्या दोन मिनिटांवर डोळे वटारले नाहीत तर.

औषधांत एक गैरसमज वारंवार आड येतो. नसेच्या दुखण्यावर अनेकदा अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी गोळी दिली जाते. औषध दुकानदार किंवा शिकलेला भाचा सांगतो, ‘ही तर डिप्रेशनची!’ म्हणजे डॉक्टरनेही आपल्याला वेडं ठरवलं. गोळी त्याच दिवशी उकिरड्यावर. खरं तर मेंदूकडून खाली फाटकापर्यंत जे रासायनिक निरोप जातात, तेच या गोळ्या बळकट करतात. अमिट्रिप्टिलीन तर नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत दिली जाते. हे सांगायला डॉक्टरला एक मिनिट लागेल.

मात्र असे उपचार सांगताना वेदना शून्यावर आणण्याचं आश्वासन कुणी देऊ नये. दहापैकी सात असलेलं दुखणं चारवर येणं, रात्री सलग पाच तास झोप लागणं, नातवाला उचलून घेता येणं, ही मापं खरी. म्हणून पहिल्या भेटीत ‘किती दुखतं?’ याच्या जोडीला ‘दुखण्यामुळे काय करायचं राहिलंय?’ हेही विचारलं जायला हवं. उत्तरं साधी असतात. कुणाला पंढरीला जायचं असतं. कुणाला जमिनीवर बसून पोळ्या लाटायच्या असतात. रोहण्याच्या एखाद्या बाईला पुढच्या दिवाळीनंतर निदान पहिली वेचणी तरी पुरी करायची असते, आणि मग तिच्याशी ओट्या किती, ओळी किती, मध्ये थांबायचं कुठे, हे एकेक करून ठरवावं लागतं.